बायकांनी बांधलेलं सभागृह

गावात समाजमंदिर बांधून झालं की पहिला वाद होतो किल्लीवरून. किल्ली कुणाकडे, आत कुणाला घ्यायचं? आज गोष्ट सांगते ती अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरातल्या एका सभागृहाची. तिथली किल्ली बायकांच्याच हातात होती.

'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही तिथली बायकांची जुनी संस्था. इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात ज्यांचे पूर्वज होते, त्या बायका तिच्या सभासद. वार्षिक अधिवेशनाला जुनी जागा पुरेना, म्हणून १९२९ साली त्यांनी कॉन्स्टिट्यूशन हॉल उभारला. साडेतीन हजारांवर खुर्च्या! एरवी तो मैफलींना भाड्याने मिळे. पण करारात एक कलम होतं : इथं फक्त गोरे कलाकार गातील.

१९३९ साली हॉवर्ड विद्यापीठाने मरियन अँडरसन यांच्या गाण्यासाठी हॉल मागितला. मरियन कृष्णवर्णीय. वडील लवकर गेले, आईने लोकांचे कपडे धुऊन मुली वाढवल्या. मरियनना गाणं शिकता यावं म्हणून चर्चमधल्या लोकांनी वर्गणी काढली होती. पुढे युरोपभर त्यांचं नाव झालं. तरी उत्तर आलं, त्या दिवशी हॉल रिकामा नाही. दुसरी तारीख मागितली, तीही मिळाली नाही.

राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट याच संस्थेच्या सभासद. फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला आणि वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात तसं लिहिलंही. परक्यांशी भांडणं एकवेळ सोपं. आपल्याच मंडळातल्या बायकांना 'हे चुकतंय' म्हणायला जीभ जड होते, हे तुम्हाला मी काय सांगू!

मग ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गाणं झालं. तिकीट नाही. थंडी होती, मरियन कोट घालूनच गायल्या. समोर पाऊण लाख माणसं, काळी-गोरी शेजारी शेजारी. घरोघरी लोक रेडिओला कान लावून बसलेले. सुरुवातीच्या देशगीतात त्यांनी एका जागी 'मी' ऐवजी 'आम्ही' म्हटलं.

१९४३ साली, महायुद्धाच्या काळात, मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी त्याच संस्थेने मरियनना हॉलमध्ये बोलावलं. त्या गेल्या, पण अट घालून : काळ्यांना वेगळं बसवायचं नाही. त्या दिवशी तिथं सगळे एकत्र बसले. आणि १९६४ साली निरोपाचा दौरा काढला, तेव्हा त्याची पहिली मैफल मरियन यांनी कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्येच केली.