शब्दकोशातील वाङ्मयीन अवतरणे

शब्दाचा अर्थ प्रत्यक्ष वापरातून सिद्ध करण्यासाठी कोशकार ग्रंथातील जो मूळ अंश नोंदीत उद्धृत करतात, त्यास अवतरण म्हणतात. मराठीतील याचे ठळक उदाहरण म्हणजे य. रा. दाते, चिं. ग. कर्वे प्रभृतींनी संपादित केलेला 'महाराष्ट्र शब्दकोश' (सात विभाग, १९३२–३८, पुरवणी १९५०). त्यात अर्थानंतर अवतरण व त्यापुढे ग्रंथाचे संक्षिप्त नाव आणि स्थलांक येतो, 'ज्ञा १.१' म्हणजे ज्ञानेश्वरी, अध्याय १, ओवी १. रत्नागिरीसारख्या भागातील बोलीशब्दांना ग्रंथाधार क्वचितच मिळतो, तेथे प्रदेशदर्शक खूण दिलेली आढळते.

हा कोश आता आंतरजालावरही उपलब्ध आहे. जालीय कोशात अवतरण देताना मूळ लेखन जसेच्या तसे ठेवणे आवश्यक असते. जुन्या लेखनात 'मी' ही प्रथमा, तर 'मीं' ही तृतीया होय. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार अनुस्वार गाळल्यास विभक्तीचा पुरावाच नाहीसा होतो. तसेच तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक गाथेच्या आवृत्तीगणिक बदलतात. त्यामुळे आवृत्तीचा निर्देश नसलेला स्थलांक वाचकास पडताळून पाहता येत नाही.