तंजावूरची शाही थाळी: राजाचं ताट आणि वाटसरूचं पान

आज आपल्याला जेवायला जायचंय, आणि तेही तंजावूरला.

राजवाडा बघून झालाय. नायक राजांनी बांधलेला, भोसल्यांनी वाढवलेला हा वाडा. दरबार हॉल, संगीत महाल, सरस्वती महाल ग्रंथालय पाहता पाहता दोन वाजतात आणि पोटात कावळे ओरडायला लागतात. एवढ्या लांब आलोय, तर आज जरा चांगल्या हॉटेलात जाऊ, बिल थोडं जास्त झालं तरी चालेल, असं घरच्यांचं ठरतं. समोर केळीचं पान येतं. भातावर सांबार पडतं. आणि पाहुणे मराठी आहेत म्हटल्यावर कुणीतरी ती गोष्ट सांगतंच.

गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे 1684 साली गादीवर आले. त्यांना स्वयंपाकाची हौस. एकदा आमटीला घालायची आमसुलं संपली, म्हणून चिंच घातली. त्या वेळी संभाजी महाराज पाहुणे होते, म्हणून पदार्थाचं नाव पडलं सांबार!

ऐकायला छान वाटतं. छातीही जरा फुगते. पण संभाजी महाराज तंजावूरला जेवायला आले होते, याला एकाही समकालीन कागदाचा आधार नाही. शिवाय ‘संभार’ म्हणजे साहित्य, सामग्री. जुन्या मराठीत सांबार म्हणजे मसाल्याचं सामान. विदर्भातल्या मंडळींना हे सांगायलाच नको, ते आजही कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. तेव्हा नावाचा उगम माणसात शोधण्यापेक्षा मसाल्यात शोधणं बरं.

मग त्या पानावर मराठ्यांची काहीच खूण नाही का? आहे ना! फक्त नजर सांबारावरून थोडी बाजूला न्या. तंजावूरकडे ‘रसवांगी’ नावाचा एक पदार्थ करतात. तमिळमध्ये वांग्याला म्हणतात कत्तिरिक्काय. मग या नावात ‘वांगी’ आली कुठून? ‘डांगर पच्चडी’ घ्या. उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, म्हणजे आपलं डांगरच. ‘पोळी’ म्हटलं की तिकडे गोड पुरणाची पोळी. ‘पिट्लै’मध्ये आज बेसन नसतं, डाळ, चिंच आणि भाजलेला मसाला असतो, पण नाव मात्र पिठल्याची आठवण करून देतं. राज्य गेलं, गादी गेली, पण शब्द पानावर बसून राहिले.

हे झालं जिभेवरचं. कागदावर काय आहे? रघुनाथ गणेश नवहस्त हे मराठी पंडित सतराव्या शतकात तंजावूर दरबारच्या आश्रयाला होते. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई यांचा त्यांना आधार होता. त्यांचा संस्कृत ग्रंथ ‘भोजनकुतूहल’. धान्यं, भाज्या, पक्वान्नं, त्यांचे गुणदोष असं सगळं त्यात आहे, अगदी जिलबीसुद्धा. पुढे दुसरे सरफोजी राजे यांच्या काळात (1798 ते 1832) मुदपाकखान्यातल्या पाककृती मराठीत लिहून ठेवल्या गेल्या. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ते हेच. शरभेंद्र म्हणजे सरफोजी. राजवाड्यात स्वयंपाकाची तीन दालनं होती: ब्राह्मणी शाकाहारी, मराठी सामिष आणि गोऱ्या पाहुण्यांसाठी इंग्रजी. म्हणजे ‘शाही मराठा थाळी’ अशी एकच एक थाळी नव्हतीच. कुणी ती विकत असेल, तर यातलं कुठलं दालन, एवढं जरूर विचारा.

पण मंडळी, मला वाटतं, खरा प्रश्न राजा काय जेवायचा हा नाहीच. राजाच्या खर्चाने कोण जेवायचं, हा आहे.

1799 साली कंपनीने तह केला आणि राज्याचा कारभार काढून घेतला. सरफोजींच्या हाती उरला किल्ला आणि आसपासचा थोडा भाग. अशा वेळी माणूस काय मागेल? तनखा, मान, तोफांची सलामी? 1801 साली सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहिलं, ते छत्रांसाठी. छत्र म्हणजे वाटसरूंचं अन्नछत्र. रामेश्वरच्या वाटेवर पूर्वजांनी ती उभारली होती. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत कुणीही यावं, शिजवलेला भात घ्यावा. ज्याला दुसऱ्याच्या हातचं चालत नाही, त्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला औषध, बाळंतिणीची देखभाल. त्या काळाला धरून पंगतीत भेद होतेच, ते झाकायचं कारण नाही. पण उपाशी कुणी परत जात नव्हतं. या छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नका, यातच आमच्या घराण्याची खरी अब्रू आहे, असं राजाचं म्हणणं होतं.

पुढच्याच वर्षी, 1802 साली, त्यांनी आपली प्रिय सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ ओरत्तनाडला नवं छत्र बांधलं. सत्ता गेलेला राजा प्रेमाची आठवण म्हणून काय बांधतो? महाल नाही, मंदिर नाही, तर जेवणघर!

1855 साली शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, वारले. पुत्र नव्हता. कंपनीने गादीच खालसा केली आणि मुदपाकखान्याच्या चुली विझल्या. राजाचं ताट पोथीत गेलं.

तेव्हा तंजावूरला गेलात तर चांगल्या हॉटेलात जरूर जेवा. रसवांगी मागा, पोळी मागा. पण दुसऱ्या दिवशी थोडी वाट वाकडी करून दक्षिणेला ओरत्तनाडलाही जा. मुक्तांबेच्या छत्रासमोर दोन मिनिटं उभे राहा. भोसल्यांचं सगळ्यात मोठं जेवणघर राजवाड्यात नव्हतं, रस्त्यावर होतं. आणि तिथे बिल कुणालाच येत नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!