जोडताऱ्यांपासून जुळ्यांपर्यंत

जुळी बाळं एकाच वारेवर वाढत असतील, तर दोघांच्या रक्तवाहिन्या त्या वारेत एकमेकींना मिळतात. जर्मनीतल्या रोस्टॉकचे फ्रीडरिश शात्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, प्रसूतीनंतर पडलेली वार तपासून, हे जोड बारकाईने मांडले. अशा दहा-पंधरा टक्के गरोदरपणांत रक्त एकाच बाजूला जास्त वाहू लागतं. देणारं बाळ खुरटतं, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याच्या पिशवीत पाणी मावेनासं होतं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. पण हे सगळं कळायचं ते वार हातात आल्यावर. बाळं पोटात असताना रक्त कसं वाहतंय हे पाहायची सोयच नव्हती.

सोयीचं मूळ मात्र तेव्हाही होतं, तेही आकाशात. १८४२च्या मे महिन्यात प्रागमधले गणिताचे प्राध्यापक ख्रिश्चन डॉपलर यांनी जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला. लहरींचा उगम जवळ येत असेल तर त्यांची वारंवारता वाढते, दूर जात असेल तर घटते, असं त्यांचं म्हणणं. ताऱ्यांच्या रंगांचं त्यांचं स्पष्टीकरण चुकलं, तत्त्व टिकलं. १८४५ मध्ये नेदरलँड्सच्या बाइस बॅलट यांनी आगगाडीत वादक बसवून ते कानांनी पडताळलं.

शरीरापर्यंत यायला त्याला शंभरावर वर्षं लागली. १९५०च्या दशकात ओसाकाच्या शिगेओ सातोमुरा यांनी स्वनातीत ध्वनीने हृदयाची हालचाल टिपली. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांच्या चमूने पोटातल्या गाठींची ध्वनिचित्रं छापली आणि बाळ दिसू लागायची वाट मोकळी झाली. माझ्या मते खरी उडी १९७७ची: डब्लिनच्या फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी आईला वा बाळाला सुई न टोचता नाळेतला रक्तप्रवाह नोंदवला.

पडद्यावर त्याचा आलेख उमटतो. बाळाच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक सुळका, आणि दोन सुळक्यांमध्ये उतार. निरोगी नाळेत हा उतार खालच्या रेषेला टेकत नाही. ठोक्यांच्या मधल्या वेळातही रक्त वारेकडे वाहतच असतं. वारेतला अडथळा वाढला की उतार रेषेवर येतो, आणि फारच बिघडलं तर रेषेखाली जातो, म्हणजे रक्त क्षणभर उलटं फिरतं. १९९९ मध्ये क्विंटेरो आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या या आजाराच्या पाच पायऱ्या ठरवल्या. त्यातली तिसरी अशा बिघडलेल्या प्रवाहावरूनच ओळखतात.

बारीक जोडांतून रक्त हळूहळू झिरपत राहिलं, तर पाण्यात फरक दिसत नाही; एक बाळ पांढरं पडतं, दुसऱ्याचं रक्त दाट होतं. तेव्हा मेंदूतल्या मधल्या धमनीतला वेग मोजतात, कारण पातळ रक्त वेगाने धावतं. जानकार्लो मारी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे मोजमाप आईशी रक्तगट न जुळणाऱ्या बाळांसाठी पक्कं केलं होतं; जुळ्यांकडे ते नंतर आलं.

दिसल्यावर करता येण्यासारखंही आता आहे. २००४च्या युरोपीय चाचणीत, वारंवार पाणी काढण्यापेक्षा लेसरने जोड बंद करणं सरस ठरलं. पण त्यासाठी आजार वेळेत सापडायला हवा. म्हणून एक वार असलेल्या जुळ्यांची सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. वार एक की दोन, हे सर्वांत स्पष्ट कळतं अकरा ते चौदा आठवड्यांत. पुढे ते ओळखणं अवघड होत जातं. घरात कुणाला जुळी असतील आणि पहिल्या रिपोर्टवर तेवढं लिहिलेलं नसेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.