तांब्याची तार आणि घरातली वाटणी

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण मुद्रणाला एक स्वतंत्र तास देतो. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले, शाईत चरबी असल्याच्या शंकेने सोवळ्यातल्या मंडळींनी छापील पोथीला हात लावायचे नाकारले, हे सारे विद्यार्थ्यांच्या वहीत उतरते. शाईचा आणि कागदाचा वाङ्मयाशी काय संबंध, असे तिथे कोणी विचारत नाही. मात्र १९९५ नंतरच्या मराठी लेखनाकडे येताच 'आंतरजालाच्या प्रसारामुळे' एवढे दोन शब्द टाकून आपण मोकळे होतो. हा प्रसार कशातून झाला, घरात तो कुठल्या वाटेने शिरला आणि घरातल्या नेमक्या कोणापर्यंत पोचला, याची चौकशी आपण करत नाही. माझ्या मते ती करायला हवी. म्हणून या लेखात एका अगदी क्षुल्लक वस्तूविषयी लिहिते आहे. टेलिफोनच्या शेजारी ठेवलेली, पुढे चार-पाच हिरवे दिवे आणि मागे केबलींची गर्दी असलेली ती मोडेम-राउटरची पेटी. बिनतारी राउटर सर्रास होण्याआधीची, वायरींनी बांधलेली.

या पेटीचा इतिहास खरे तर ती ज्या तारेला जोडली जाई त्या तारेचा आहे. दोन तांब्याच्या तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या की शेजारच्या तारांचा उपद्रव कमी होतो, ही कल्पना अलेक्झांडर ग्रॅहम बेलची. तिचे पेटंट १८८१ चे. पुढच्याच वर्षी मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले. माणसाचा आवाज समजण्यापुरता पोचवायचा तर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढी पट्टी पुरते, म्हणून सगळी टेलिफोन व्यवस्था त्या पट्टीच्या मापाने उभी राहिली. तार स्वतः याहून पुष्कळ अधिक वाहून नेऊ शकत होती. पण शंभर वर्षे तिच्याकडून तेवढेच काम घेतले गेले. डायल-अपचा मोडेम त्याच अरुंद बोळातून संगणकाची भाषा शिट्ट्यांमध्ये रूपांतरित करून पाठवी. त्याची मजल १९९८ च्या सुमारास सेकंदाला ५६ किलोबिटपर्यंत आली आणि तिथेच संपली. शिवाय तो सुरू असला की फोन बंद! परगावच्या आत्याला 'तासभर फोन लागतच नव्हता' म्हणून आमच्यावर रागावण्याचे निमित्त मिळे.

आवाजाच्या पट्टीच्या वरची मोकळी जागा वापरण्याचा विचार अमेरिकेत बेलकोर या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आला. जोसेफ लेक्लायडर यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. तारेत सुमारे २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंतची जागा माहितीसाठी ठेवायची आणि खालची आवाजासाठी सोडून द्यायची. दोहोंची सरमिसळ होऊ नये म्हणून फोनच्या वाटेवर एक चिमुकला स्प्लिटर बसवायचा. यातली खरी मख्खी मात्र पुढेच आहे. ही जागा दोन्ही दिशांना सारखी वाटायची नाही, असे लेक्लायडर यांचे म्हणणे होते. घराकडे येणाऱ्या प्रवाहाला रुंद रस्ता आणि घरातून बाहेर जाणाऱ्याला पायवाट. 'एडीएसएल' या नावातला 'ए' म्हणजे हीच विषमता होय.

तिला भौतिक कारण होते. एक्सचेंजपाशी शेकडो घरांच्या तारा एकाच जाड केबलीत एकत्र येतात. लांबून थकत आलेला घराकडचा क्षीण संदेश, तिथूनच निघणाऱ्या दणदणीत संदेशांच्या गलबल्यात बुडून जातो. दोन्ही बाजूंचा वेग सारखा ठेवण्याच्या अट्टहासाने दोन्ही बाजू मंदच राहतात. पण कारण एवढेच नव्हते. टेलिफोन कंपन्यांना त्या काळी केबल टीव्हीशी टक्कर द्यायची होती आणि मागणीनुसार चित्रपट घरपोच पोचवायचे होते. घरातला माणूस पाहील, मागेल, घेईल. बाहेर पाठवण्यासारखे त्याच्याकडे फारसे काय असणार, हे त्यात गृहीत होते. १९९३ मध्ये बेलकोरने घेतलेल्या चाचण्यांत स्टॅनफर्डचे जॉन सियॉफी यांची पद्धत सरस ठरली. तीत पट्टीचे २५६ बारीक कप्पे करून प्रत्येक कप्प्याला झेपेल तेवढेच ओझे दिले जाई. १९९९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. चित्रपटांची ती योजना पुढे बारगळली, पण तिच्यासाठी आखलेला विषम रस्ता तसाच राहिला, आणि त्याच रस्त्याने जगभरच्या घरांत आंतरजाल आले. वाचक कोण आणि लेखक कोण, याविषयीचा एक समज तारेतच गुंफलेला होता, असे मी म्हणते ते या अर्थाने. समीक्षेत आपण 'गृहीत वाचका'ची चर्चा करतो. इथे तर गृहीत वाचक किलोहर्ट्झमध्ये मोजून दिलेला आहे.

आपल्याकडचा घटनाक्रम थोडक्यात सांगते. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी आंतरजाल खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना मुभा मिळाली. १४ ऑक्टोबर २००४ चे ब्रॉडबँड धोरण आले आणि सेकंदाला २५६ किलोबिटला 'ब्रॉडबँड' म्हणायचे ठरले. (ही व्याख्या २०१३ मध्ये ५१२ किलोबिटवर आणि २०२३ मध्ये दोन मेगाबिटवर गेली.) जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची सेवा सुरू झाली. सरकारी कंपन्यांच्या ताब्यातल्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात, अशी शिफारस नियामक प्राधिकरणाने केली होती. धोरणाने ती मानली नाही. २०१० पर्यंत दोन कोटी ग्राहकांचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात ती संख्या निम्म्याच्या थोडी पुढे गेली. मोठ्या शहरांत मग केबलवाल्यांनी गच्च्यांवरून निळ्या-करड्या वायरी टाकून आपापले मार्ग काढले, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता पेटीच्या आतल्या गोष्टीकडे येते.

एका जोडणीला बाहेरून एकच पत्ता मिळे. घरात दोन संगणक असतील तर? इथे १९९४ च्या मे महिन्यात क्येल एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मांडलेली एक युक्ती कामी आली. आंतरजालाच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास. ते संपणार हे तेव्हाच दिसू लागले होते. तात्पुरता तोडगा म्हणून त्यांनी सुचवले की आतले पत्ते वेगळे, बाहेरचा वेगळा, आणि दारात बसलेल्याने त्यांची अदलाबदल करावी. १९९४ मध्येच अशा आतल्या वापरासाठी काही पत्ते राखून ठेवले गेले. '१९२.१६८' ने सुरू होणारे ते हेच.

वाडा पाहिलेल्या वाचकाला हे सांगायला फार वेळ लागत नाही. वाड्याला नगरपालिकेचा नंबर एक, आत बिऱ्हाडे बारा. 'डाव्या हाताची दुसरी खोली' हा पत्ता वाड्यात पुरेसा असतो. पण तशी खोली प्रत्येकच वाड्यात असल्याने बाहेर त्याला काही अर्थ नाही. राउटर हा दिंडीदरवाजापाशी बसलेला कारभारी. आतून कोणी पत्र धाडले की तो त्यावर वाड्याचा पत्ता घालतो आणि कोणाचे पत्र कुठे गेले याची आपल्या वहीत नोंद करतो. उत्तर आले की वही पाहून त्या खोलीत पोचवतो. मात्र ज्याची वहीत नोंद नाही असे पत्र बाहेरून आपण होऊन आले, तर कारभारी ते दारातच ठेवतो. संरक्षणासाठी ही रचना केलेली नव्हती, तरी तिने घराचे दार आपोआप लागले. त्याची दुसरी बाजू अशी की घरातल्या यंत्राला जगात स्वतःचे नाव उरले नाही. आपल्याच संगणकावर आपले लेखन ठेवावे आणि इतरांनी ते तिथे येऊन वाचावे, हे तत्त्वतः शक्य असूनही सामान्य माणसाला दुष्कर झाले. लेखन दुसऱ्या कोणाच्या जागेत नेऊन ठेवावे लागले. नव्या, लांबलचक पत्त्यांची योजना १९९० च्या दशकातच तयार झाली, जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी रिता झाला. तात्पुरता म्हणून आणलेला तोडगा अजूनही घरोघरी चालूच आहे.

आमच्या घरी ही पेटी २००६ साली आली. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते. त्याआधी घरात एक संगणक होता आणि त्याच्यापुढे रांग. कोणी कधी ठरवली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती: आधी बाबांची वर्तमानपत्रे, मग धाकट्या भावाचा 'प्रोजेक्ट', मग मी. आईचा क्रम शेवटचा. म्हणजे यायचाच नाही. रांग संपेपर्यंत कुकर लावायची वेळ होई. तिला यात अन्याय वाटत होता असे मी म्हणणार नाही. तिने तो कधी बोलून दाखवला नाही, एवढेच मला ठाऊक आहे.

पेटीला मागे चार पोर्ट होते. भावाने त्याच्या मित्राकडून एक मोडकळीला आलेला संगणक आणला, आतल्या खोलीत मांडला, आणि दाराच्या उंबऱ्यावरून, फळीला खिळे मारत, पंधरा मीटर वायर ओढली. बाबा त्या वायरीला अडखळून दोनदा पडता पडता वाचले. 'ही काय धोबीघाटाची दोरी आहे?' असे ते विचारत. पण त्या वायरीच्या टोकाला जी खुर्ची होती ती स्वयंपाकघराला लागून होती, आणि तिच्यासाठी रांग नव्हती.

रांग गेली आणि हिशेब आला. वेळ वाटून घेण्याऐवजी आता मेगाबाइट वाटायचे होते, कारण महिन्याला ठरावीक मर्यादा होती आणि तिच्यापुढे प्रत्येक मेगाबाइटला पैसे. एका महिन्यात बिल नेहमीच्या तिप्पट आले. बाबांनी भावाला धरले. तो गाणी उतरवतो हे जगजाहीर होते. त्याने शपथा घेतल्या, दोघांत आठवडाभर बोलणे नव्हते. वाड्यातला कारभारी अशा वेळी वही उघडून दाखवता. पण आमच्या पेटीची वही क्षणाक्षणाला पुसली जाणारी. बाहेरून पाहता घर एकच, कोणी किती घेतले याचा पुरावा नाही. पुढे कळले की आतल्या खोलीतला तो जुना संगणक स्वतःहूनच आपल्या दुरुस्त्या उतरवून घेत बसला होता. बाबांनी माफी मागितली नाही. 'बरं, जेवायला बस,' म्हणाले.

त्या जुन्या संगणकावर आई देवनागरीत टंकायला शिकली. मायबोली १९९६ पासून आणि मनोगत २००४ पासून होते; ती आधी नुसती वाचत असे, मग प्रतिसाद देऊ लागली, मग एका पावसाळ्यात तिने तिच्या आजोळच्या विहिरीवर चार पाने लिहिली. इथे मला तारेचे ते गणित पुन्हा आठवते. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे दीड हजार शब्दांचा लेख साधारण तीस किलोबाइटचा. बाहेर जाणारी वाट २५६ किलोबिटची असली तरी तो एखाद-दोन सेकंदांत जाई. दोन मेगाबाइटच्या छायाचित्राला तिथे मिनिटाहून अधिक लागे, आणि शंभर मेगाबाइटच्या चित्रफितीला पाऊण तासाच्याही वर. घरातून बाहेर पाठवण्यासारखे फारसे काही नसते, हे तारेचे गृहीतक शब्दांच्या बाबतीत खोटे पडले, कारण शब्द पायवाटेनेही जाऊ शकत होते. त्या दशकात मराठीत जालावर एवढे गद्य का लिहिले गेले, याची भाषिक आणि सामाजिक कारणे आपण देतो व ती बरोबर आहेत. माझा आग्रह इतकाच की त्यांच्या जोडीला हे कारणही असावे. रस्ता रुंद झाल्यावर लिहिणारी कितीतरी माणसे बोलू आणि दाखवू लागली, हे आपण पाहिलेच आहे.

या युक्तिवादावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. लॅंडलाइन, संगणक आणि वेळ असलेल्या घरांची ही कहाणी आहे. एक्सचेंजपासून पाच-सहा किलोमीटरांपलीकडे ही सेवा धड पोचतच नसे. म्हणजे तालुक्याच्या गावाला जे मिळाले ते त्याच तालुक्यातल्या वाडीला मिळाले नाही. जालावरच्या त्या काळातल्या मराठी गद्याचा सूर कोणत्या घरांतून आला, हे तांब्याच्या लांबीवरूनही ताडता येईल. वाङ्मयीन भूगोलाच्या एखाद्या विद्यार्थ्याने एक्सचेंजांचा नकाशा समोर ठेवून हे काम करावे.

आमची तांब्याची तार काही वर्षांपूर्वी काढली. काचतंतू आला, बिनतारी राउटर आला, उंबऱ्यावरची वायर गेली. फळीवर खिळ्यांची भोके तेवढी आहेत. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना जुनी पेटी सापडली. पेटीच्या बुडाला चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता. पेटी बंद पडली की काय करायचे याच्या तीन ओळी, आणि वर ठळक आकडे: १९२.१६८.१.१. अक्षर आईचे होते, आणि आकडे तिने देवनागरीत लिहिले होते.