रंगीत तालीम आणि आत्याचं लुगडं

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच बाई झाला होतात?"

झालो होतो. १९७४ चा गणेशोत्सव, अत्र्यांचं 'मोरूची मावशी'. मूळ ब्रँडन थॉमस यांचा १८९२ चा इंग्रजी फार्स, 'चार्लीज आँट'. पुरुषाने बाईचं सोंग घ्यायचं, सगळी गंमत त्यातच. बालगंधर्वांच्या काळी ते सोंग नव्हतं, रीत होती. लोक हसत नसत, भारावून जात. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांची कामं स्त्रियांनी केली. पुढे हळूहळू लुगड्यातला पुरुष बहुतेक हसण्यापुरताच उरला.

रंगीत तालमीला कपडेपट आलाच नाही. तालीम आमच्या वाड्याच्या चौकात. आत्याने आपलं नऊवारी काढलं आणि मला चापूनचोपून नेसवलं. मी दोन पावलं मुरडत चाललो, मंडळी हसून लोळली. आत्या मात्र हसली नाही.

"बाई अशी चालत नाही रे. तिला कामं असतात."

मग तिनेच चालून दाखवलं. पदर खोचणं, बसणं, वळून बघणं. चौक गप्प झाला.

प्रयोगाला हशा भरपूर पिकला. कौतुक माझं झालं. खरी नटी घरातच होती. तिला कधी कुणी काम विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

असो.