मोठेपणी परीक्षेला बसताना

 

आज आपण परीक्षेच्या भीतीबद्दल बोलणार आहोत. मुलांच्या नव्हे, आपल्या. आपल्यापैकी कितीतरी जणींनी मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हातात घेतले आहे. कुणी 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसते आहे, कुणी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते आहे, कुणी चिपळूणच्या कॉलेजात नाव घातले आहे. फॉर्म भरताना उत्साह असतो. फी भरली जाते, पुस्तके येतात. मग परीक्षा जवळ आली की घरात अचानक कामे निघतात, लग्ने निघतात, तब्येत बिघडते आणि हॉल तिकीट आणायचे राहून जाते. खरे कारण आपण कुणाला सांगत नाही. ते असे असते, की नापास झाले तर लोक काय म्हणतील? सासर काय म्हणेल? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आपलीच दहावीतली मुलगी काय म्हणेल?

ही भीती आजची नाही. आपल्या महाराष्ट्रात मोठ्या वयाच्या बायका शिकू लागल्या त्याला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला आणि पहिल्या दिवसापासून ही भीती त्यांच्याबरोबर वर्गात बसलेली आहे. त्या काळी तिच्यावर काय उपाय केले गेले हे पाहिले, तर आपल्यालाही उपयोग होईल असे आम्हांला वाटते.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करू. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असताना एका सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. अंतर सुमारे 110 मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. गाडी नाही, एसटी नाही. मुसळधार पावसात, अंधारात, सह्याद्री चढून ते पायी गेले. आपण कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी राहतो, त्यामुळे पावसाळ्यात घाट म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तिथे पोहोचल्यावर तपासणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा फार लहान दिसतो म्हणून परीक्षेलाच बसू दिले नाही. अभ्यास झाला होता, वय बसत होते, पण दिसण्यावरून परत पाठवले.

कर्व्यांनी ही गोष्ट मोठेपणी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली, म्हणजे ते दुःख किती खोल गेले होते ते कळते. पुढे 1881 साली ते मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते, घरी बायको होती. 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर तेही थोराड वयाचे, संसारी विद्यार्थीच. उशिरा शिकणाऱ्याच्या पायात काय काय अडकते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता त्यांच्या घरातल्या बायकांकडे वळू. कर्व्यांची दुसरी पत्नी आनंदीबाई, जिला सगळे बाया कर्वे म्हणत, ती देवरुखच्या जोश्यांची मुलगी. माहेरचे नाव गोदूबाई. लहानपणी विधवा झाली. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन सुरू केले, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाई. वय वीस-बाविशीच्या पुढे. त्या काळात त्या वयाच्या बाईने पाटी-पुस्तक घेऊन बसणे म्हणजे लोकांच्या हसण्याचा विषय होता.

ज्यांनी तिला शिकवले त्या पंडिता रमाबाईंनाही नकार ठाऊक होता. त्या 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा होती. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. डॉक्टर त्या कधीच झाल्या नाहीत. पुढे अमेरिकेत त्यांनी लहान मुलांना शिकवण्याची बालोद्यान पद्धत शिकून घेतली आणि ती आपल्या देशात आणली. प्रत्येक अपयशाच्या पोटात काहीतरी गोड असतेच, असे आम्ही म्हणणार नाही. राहिलेली गोष्ट राहिलीच. पण एक दार बंद झाले म्हणून माणूस अडाणी ठरत नाही, एवढे मात्र रमाबाईंकडे पाहून नक्की सांगता येते.

बायाची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही विधवा, पदरात मुलगा. वयाची पंचविशी उलटल्यावर तिने शिकायला सुरुवात केली आणि पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाचा कारभार सांभाळला, गावोगाव फिरून वर्गणी जमवली. पण इंग्रजी काही जमेना. शिकवणाऱ्यांकडून शिकून पाहिले, तरी मनासारखे येईना. दुसरी एखादी म्हणाली असती, आता या वयात कशाला? पार्वतीबाई 1918 साली, अठ्ठेचाळिशीच्या घरात असताना, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. परत आल्यावर 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र लिहिले, त्याचे इंग्रजी भाषांतर 1930 साली निघाले. देवरुख इथून काही लांब नाही, मैत्रिणींनो. ही आपल्याच मातीतली बाई.

आता मुद्द्याचे. या बायकांची भीती गेली कशी? 'घाबरू नकोस' असे कुणी सांगितले म्हणून गेली असे आम्हांला वाटत नाही. ते तर आपल्याला रोज कुणीतरी सांगतच असते. भीती कमी झाली ती व्यवस्था बदलली म्हणून.

पहिला बदल सोबतीचा. शारदासदन असो, 1896 साली कर्व्यांनी काढलेला अनाथ बालिकाश्रम असो, की 1909 साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेले सेवासदन असो, तिथे सारख्या परिस्थितीतल्या बायका एकत्र बसत. रमाबाई रानड्यांना स्वतःला सासरच्या घरात इतर बायकांची बोलणी खात शिकावे लागले होते. म्हणून सेवासदनात मोठ्या वयाच्या बायकांसाठी वेगळे वर्ग निघाले. आपल्यासारखीच दुसरी बाई शेजारी अडखळत वाचते आहे, हे दिसले की निम्मी लाज तिथेच संपते.

दुसरा बदल भाषेचा. कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले, तेच पुढे एस.एन.डी.टी. म्हणून प्रसिद्ध झाले. तिथे इंग्रजी हा विषय ठेवला, पण बाकीचे शिक्षण मातृभाषेतून दिले. ज्या काळात कॉलेज म्हणजे इंग्रजी असे समीकरण होते, तेव्हा हा मोठा निर्णय होता. बाई विषयात कच्ची आहे की नुसती भाषेत अडली आहे, हे त्यामुळे वेगळे करता आले. शिवाय घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेला बसण्याची सोयही त्या विद्यापीठाने बायकांना दिली. संसार सोडून ये, अशी अट घातली नाही.

तिसरा बदल मानाचा. आपल्या घाटाच्या वर सातारा जिल्हा लागतो. तिथे 1959 साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर पसरली. त्यात एकेक माणूस पास-नापास करण्यापेक्षा अख्खे गाव साक्षर करण्यावर भर होता. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. त्यामुळे मागे राहिलेल्या बाईला चिडवून गावाचा फायदा नव्हता, तिला हात देण्यातच होता.

चौथा बदल पुन्हा बसण्याच्या वाटेचा. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ज्यांची बारावी राहून गेली अशांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम निघाला. कॉलेजात एटीकेटी आली, म्हणजे एखाद-दुसरा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येते. दहावीला नापास झालेल्यांना पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे आणि वर्ष हातचे जाई. 2015 पासून जुलैतच फेरपरीक्षा होऊ लागली. या सोयी म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. माणूस एका फटक्यात सगळे पार करत नाही, हे शिक्षणखात्याला कळायला इतकी वर्षे लागली, एवढेच.

आपल्या पोफळीच्या वीजघराचे उदाहरण घ्या. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून खाली पडते म्हणून वीज तयार होते, असे आपण पाहुण्यांना सांगतो. पण नुसते पडून वीज होत नाही. तसे असते तर पावसाळ्यात घाटातला प्रत्येक धबधबा दिवे लावत बसला असता. खाली चक्र बसवलेले असते म्हणून पडणारे पाणी कामी येते. नापास होण्याचेही तसेच आहे. खाली काहीतरी बसवून ठेवले असेल तरच त्याचा उपयोग.

ते काय बसवायचे? आम्ही सुचवतो ते अगदी साधे आहे. एकटीने अभ्यास करू नका. तिघी-चौघी मिळून आठवड्यातून एकदा बसा आणि एकीने मोठ्याने वाचा. जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि घड्याळ लावून एकच प्रश्न सोडवा, अर्ध्या तासाचा. तीन तास लिहिण्याची सवय हाताला राहिलेली नसते, ती अशीच परत येते. परीक्षेचे केंद्र आधी एकदा पाहून या. एसटी किती वाजता निघते, किती वाजता पोहोचते, वर्ग कुठल्या मजल्यावर असतो, हे माहीत असले की त्या दिवशी धडधड कमी होते. निकाल लागण्याआधीच ठरवून ठेवा, की विषय राहिला तर पुढचा फॉर्म कधी भरायचा आणि त्याची फी कुठून काढायची. पेपर चांगला गेला होता असे वाटत असेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकन मागता येते, मुदत मात्र थोडी असते. आपण कुठे चुकलो ते आपल्याच उत्तरपत्रिकेत दिसले की नापास हा शब्द लहान होतो. मग तो एवढाच उरतो, की तिसऱ्या प्रश्नाला वेळ पुरला नाही.

घरच्यांनाही आमचे एक सांगणे आहे. परीक्षेला निघालेल्या बाईला 'पास होशील ना' असे विचारू नका. त्या दिवसाचा स्वयंपाक कोण करणार, तेवढे आदल्या रात्री ठरवा. बहुतेक घरांत अर्धी भीती तिथेच असते.

आणि ज्यांचे हॉल तिकीट अजून आणायचे राहिले आहे त्यांनी उद्या शेजारणीला हाक मारा. दोघी मिळून चिपळूणला जा. पार्वतीबाई अमेरिकेला एकट्या गेल्या होत्या, आपल्याला तेवढे लांब जायचे नाही.

पुढच्या भागात परीक्षेच्या फॉर्मांबद्दल बोलू. तुमचे प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचवा. नमस्कार.