गुन्हेगार एक, शेवट दोन

अल पचिनोचा १९८३ चा 'स्कारफेस' आपल्यातल्या बहुतेकांनी निदान रील्समध्ये तरी पाहिलेला असतो. त्याच्या अगदी शेवटी एक ओळ येते: हा सिनेमा हॉवर्ड हॉक्स आणि बेन हेक्ट यांना अर्पण. त्या दोन नावांमागे गेलो, तेव्हा मला १९३२ चा मूळ 'स्कारफेस' सापडला.

दिग्दर्शक हॉक्स, निर्माता हॉवर्ड ह्यूज. हेक्ट आधी शिकागोत बातमीदार होता, त्यामुळे तिथल्या टोळ्या त्याला ठाऊक होत्या. पॉल म्युनीने केलेला टोनी कॅमोंटे म्हणजे उघडउघड अल कपोन. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोच्या एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं होतं, तेही यात आहे.

मला सगळ्यात आवडतो तो टोनीच्या धंद्याचा भाग. तो दारूच्या अड्ड्यांवर जातो, मालकांना दमात घेतो आणि आपलीच बिअर त्यांच्या गळ्यात मारतो. थोडक्यात, हा सेल्समनच. फक्त खिशात पिस्तूल. १९२० पासून अमेरिकेत दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा होता. पिणं मात्र गुन्हा नव्हता. म्हणजे गिऱ्हाईक कायदेशीर आणि दुकानदार बेकायदेशीर. अशा बाजारात माल पोचवणार तोच, ज्याला कायद्याची भीती नाही. सिनेमात कॅलेंडरची पानं मशीनगनच्या गोळ्यांनी उडत जातात. त्या धंद्यात दिवस असेच मोजले जात.

सेन्सॉरला हे झेपलं नाही. १९३१ मध्ये तयार झालेला सिनेमा पडद्यावर यायला १९३२ उजाडलं. नावाला 'देशाची लाज' असं शेपूट जोडलं गेलं. एक नवा प्रसंग घुसवला, तोही हॉक्सने चित्रित न केलेला: वर्तमानपत्राचा मालक नागरिकांना भाषण देतो, की कडक कायदे करा, हे गुंड इथले नाहीतच, त्यांना देशाबाहेर काढा.

इथे मी थांबलो. कारण खरा कपोन १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मला होता, जन्मानेच अमेरिकन. आणि पडद्यावरचा टोनी साकारणारा म्युनी मात्र ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला ज्यू.

शेवटही बदलला. मूळ शेवटात टोनी पोलिसांपुढे गयावया करतो, पळतो आणि गोळ्या खाऊन रस्त्यावर पडतो. वर 'जग तुमचं आहे' अशी जाहिरात झगमगत असते. दुसऱ्या शेवटात खटला, न्यायाधीशाचं प्रवचन, मग फाशी. म्युनी तेव्हा उपलब्ध नव्हता, म्हणून दुसराच माणूस उभा केला आणि त्याचा चेहरा दाखवलाच नाही. एवढं करूनही न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने नकार दिला. ह्यूजने मग जिथे सेन्सॉर मंडळ नव्हतं, अशा राज्यांत मूळ शेवटच दाखवला. सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्य लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्येच सांगितलं होतं. तो निकाल १९५२ पर्यंत टिकला.

मी दोन्ही शेवट लागोपाठ पाहिले. दुसऱ्यात न्याय होतो, पण फासावर चढणारा माणूसच दिसत नाही. खटल्यात दोषी एकटा टोनी. त्याची बिअर पिणारे आणि त्याला तो बाजार मिळवून देणारा कायदा, दोघंही नामानिराळे. प्रत्यक्षात कपोनला ११ वर्षांची शिक्षा झाली ती खुनासाठी नाही, आयकर बुडवल्याबद्दल, ऑक्टोबर १९३१ मध्ये. आणि ५ डिसेंबर १९३३ ला अमेरिकेने दारूबंदीच मागे घेतली. प्रवचन देणाऱ्या न्यायाधीशाला जे सुचलं नाही, ते देशाला दोन वर्षांच्या आत सुचलं.

गुंडाला परका ठरवलं, की गिऱ्हाइकाला आरशात बघावं लागत नाही. त्या प्रसंगातलं भाषण आज ऐकताना जुनं वाटत नाही, ते याचमुळे.